काचेची तार आपल्या घरात, किल्ली मात्र त्यांच्या खिशात!

गेल्या शनिवारी एक मूर्खपणा केला. नवा राउटर घेताना फायबरचं पोर्ट, म्हणजे एसएफपी, आहे म्हणून चांगले दोन हजार जास्त मोजले. हिशोब साधा होता: फायबर भिंतीतून येतंच आहे, ते सरळ राउटरमध्ये खुपसायचं आणि मधला कंपनीचा पांढरा डबा माळ्यावर टाकायचा. कंपनीचा मुलगा आला होता, तो हसला. "सर, असं नाही चालत."

मंडळी, ही चूक माझी, आधीच कबूल करतो. आपल्याकडे घराघरात येणारं फायबर बहुतेक जीपॉन पद्धतीचं असतं. एकच तार स्प्लिटरने फुटून ३२ किंवा ६४ घरांत जाते. खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे सुमारे १.२५ गिगाबिट सगळ्यांनी वाटून घ्यायचे. वर बोलायची पाळी कधी कोणाची, हे कंपनीकडचं यंत्र ठरवतं, आणि ते फक्त नोंदलेल्या डब्यांशीच बोलतं. एसएफपी पोर्टात आपण बसवतो ते साधं इथरनेटचं मोड्यूल ही भाषाच बोलत नाही.

पण थांबा, जीपॉनची भाषा बोलणारं मोड्यूलसुद्धा बाजारात मिळतं. जेमतेम बोटाएवढं, आणि त्यात तो अख्खा डबा मावतो! म्हणून कस्टमर केअरला फोन लावला. याचा सिरीयल नंबर नोंदवाल का? "सर, पॉलिसी नाहीये." बरं, निदान तुमचा डबा ब्रिज मोडवर टाका, लॉगिन माझा राउटर करेल. "पॉलिसी नाहीये." डब्याचा ॲडमिन पासवर्ड? ...ओळखलंत!

इथे माझं डोकं फिरलं. कारण तंत्रज्ञानाची अडचण केव्हाच संपली होती, आता फक्त मालकी गाजवणं चालू होतं. डबा माझ्या घरात, माझ्या विजेवर चालतो, माझ्या घरातला प्रत्येक बाइट त्यातून जातो. पण त्याचं फर्मवेअर जुनं आहे का, कुठलं पोर्ट उघडं आहे, हे बघायची मला परवानगी नाही. स्वतःच्या घराच्या दाराचं कुलूप दुसऱ्याने बसवायचं, आणि किल्लीही त्यानेच ठेवायची?

कंपन्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. बिघडलेला डबा आपली पाळी सोडून प्रकाश फेकत बसला तर त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांचं नेट बसू शकतं. मान्य. पण त्यावर उपाय यंत्र तपासून घेणं हा आहे, ग्राहकाला बांधून ठेवणं हा नव्हे. टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर उपकरणं तपासून प्रमाणपत्र देतंच की. प्रमाणित मॉडेलांची यादी लावा आणि नंबर नोंदवून घ्या. अमेरिकेत टेलिफोन कंपनीही 'बाहेरचं यंत्र लावलं तर जाळं बिघडेल' असंच म्हणायची. १९६८ च्या कार्टरफोन निकालाने ती सबब मोडीत काढली. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे: कंपनीचं जाळं भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपतं, पुढचं यंत्र ग्राहकाच्या पसंतीचं. जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने न मागता, फुकट द्यायची. म्हणून तिथे फायबर पोर्टवाला राउटर घेण्याला अर्थ आहे.

आणि आपण? २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी ट्रायला दहा लाखांच्या वर ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइट्सना वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी घातली. म्हणजे ओरडलं की ऐकू जातं. पण डब्याच्या बाबतीत आपण चिडीचूप. "चालतंय ना नेट, मग कशाला डोक्याला ताप!"

निदान एवढं करा. वर्षभराचे पैसे भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा, उत्तरं ईमेलवर घ्या: ब्रिज मोड देता का? पासवर्ड देता का? माझं यंत्र नोंदवता का? तिन्हींना 'नाही' आलं तर दुसऱ्या कंपनीकडे जा, आणि का गेलात ते पहिलीला कळवा.

असो. एसएफपी पोर्ट अगदीच वाया जात नाही. दोन मजली घर असेल, तर वरच्या मजल्यावर तांब्याऐवजी फायबर न्या. पावसाळ्यात वीज कडाडली की लांबच्या तांब्याच्या तारेवरची पोर्टं जळतात. काचेतून वीज वाहत नाही. माझं घर मात्र दोन खोल्यांचं. तेव्हा माझं पोर्ट सध्या धूळ खातंय, रबरी टोपी घालून. :-)