फेरी तोट्यात जाते, की घातली जाते?

गावाकडची फेरी बंद करायची ठरली की आगारातून एकच शब्द ऐकू येतो: भारमान. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या, याची ही टक्केवारी. ती घसरली की फेरी तोट्याची, आणि तोट्याची फेरी चालवणे म्हणजे लोकांच्या पैशांची उधळपट्टी, असा सरळ हिशोब मांडला जातो. परिवहन मंडळाच्या बैठकीत तो व्यवहारी वाटतो. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या रेल्वे स्थानकावर उभे राहून तपासला, तर तो अर्धाच निघतो.

समोरच्या बाजूचे म्हणणे पोकळ नाही. डिझेल, पगार, सुटे भाग, टोल हा खर्च गाडी भरो न भरो, होतोच. शिवाय 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या कलम 22 मध्ये कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मग तोटा का सोसायचा?

कायद्याचाच आधार घ्यायचा, तर तो पूर्ण घ्यावा. कलम 22 च्या आधी कलम 18 येते, आणि ते महामंडळाचे कर्तव्य सांगते: कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट सांधलेली वाहतूक पुरवणे. त्याहीआधी कलम 3 मध्ये, महामंडळ स्थापन करण्याची कारणे सांगताना, रस्त्यावरच्या वाहतुकीचा इतर वाहतुकीशी मेळ घालण्याचा उल्लेख आहे. म्हणजे व्यापारी तत्त्व ही काम करण्याची रीत झाली. काम कोणते, ते आधीच ठरलेले आहे. रीतीसाठी कामच सोडून देणे याला व्यवहार म्हणत नाहीत.

आता भारमानाकडे येऊ. मुक्कामी गाडी घ्या. रात्री ती गावात शिरते तेव्हा चार-दोन माणसे उतरतात, आणि त्या फेरीचे भारमान पाहून कुणीही कपाळाला हात लावेल. पण तीच गाडी पहाटे कॉलेजची पोरे, दवाखान्याला निघालेले म्हातारे, बाजाराला चाललेल्या बायका घेऊन भरून निघते. रात्रीची फेरी कापली की सकाळची आपोआप मरते. शिवाय शेवटची गाडी उरली नाही, की परतीची खात्री नसलेला माणूस दुपारच्या गाडीनेही जात नाही. तो दुचाकीला किक मारतो किंवा वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसतो. एकेका फेरीचा हिशोब करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1972 मध्ये हेच गणिताने मांडले. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचे ताटकळणे कमी होते, आणि त्यामुळे आणखी प्रवासी येतात. हे चक्र उलटेही फिरते. फेऱ्या कमी केल्या म्हणून प्रवासी तुटले, आणि प्रवासी तुटले म्हणून आणखी फेऱ्या कमी केल्या, तर त्याला लोकांची नावड म्हणणे हा कांगावा आहे.

खुटबाव हे याचे चांगले उदाहरण. पुण्याहून दिक्सळपर्यंत 1858 मध्ये लोहमार्ग झाला, तेव्हापासून यवत आणि केडगाव यांच्या मधल्या या शिवारातून गाड्या धावताहेत. पुणे-दौंड मार्गावर विजेच्या तारा आल्या, तरी मार्च 2017 मध्ये सुरू झाली ती डिझेलवर धावणारी डेमू. रूळ आहेत, तारा आहेत, रोज पुण्याला जाणारी माणसे आहेत. कमी आहे ती फेऱ्यांच्या दाटीची, आणि स्थानकातून वाड्या-वस्त्यांपर्यंत नेणाऱ्या बसची. गाडीच्या वेळेशी बसची वेळ जुळली नाही, तर दोन्हींचे प्रवासी घटतात आणि दोन्ही खाती तोटा दाखवतात.

‘तिकिटावर भागले पाहिजे’ हा हट्टही सगळ्यांना सारखा लावला जात नाही. प्रवासखर्चाचे सरासरी 57 टक्केच वसूल होतात, हे रेल्वेने स्वतः आपल्या तिकिटांवर छापले. म्हणून कुणी रेल्वे बंद करा म्हणाले नाही. उलट एसटीच्या तिकिटातून सरकार 17.5 टक्के प्रवासी कर घेत आले आहे. एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तोट्याकडे बोट दाखवायचे, असा हा प्रकार.

मग सेवा टिकते कशाने? आधी हेतू वेगळे केल्याने. कोणते मार्ग उत्पन्नासाठी आणि कोणते सेवेसाठी, हे मंडळाने उघड ठरवावे आणि सेवेच्या मार्गांचे पैसे सरकारकडून वेळेवर मागावेत. हे जमते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले, फरक सरकार भरते, आणि गाड्यांमधली गर्दी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. दुसरे, भाडेवाढ थोडी आणि नियमित हवी. ऑक्टोबर 2021 मध्ये 17.17 टक्के, मग थेट जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के, असे हिसके बसले की प्रवासीही बिथरतो आणि अंदाजपत्रकही. प्रत्येक वस्तीला दिवसभर गाडी मिळावी, असे मी म्हणत नाही. पण जी द्याल ती वेळेवर आणि परतीच्या हमीसह द्या.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे: मंडळावर कोण बसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा चालवणारी पीएमपी 2007 मध्ये झाली. तिची तूट मुख्यतः या दोन महापालिका 60:40 प्रमाणात भरतात. ज्याचा पैसा त्याचा शब्द, त्यामुळे हद्दीबाहेरचे गाव तिथे पाहुणेच राहते. एसटी कर्मचाऱ्यांच्या संपानंतर, 2022 च्या अखेरीस, पीएमपीचे काही ग्रामीण मार्ग बंद झाले, तेव्हाही त्या गावांना मंडळावर आवाज नव्हता. यावर उपाय सरळ आहे: जिल्हा परिषद आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांनी तुटीत वाटा उचलावा आणि मतासह खुर्ची घ्यावी. एसटीला लागू असलेल्या त्याच 1950 च्या कायद्यात कलम 17 सल्लागार परिषदा सांगते, पण सल्ला ऐकलाच पाहिजे असे बंधन नाही. म्हणून पासधारक प्रवाशाला संचालक करा. कोणती फेरी कापली तर कुणाची नोकरी, कुणाची अकरावी सुटते, हे त्याला टिपण न वाचता सांगता येते.

फेरी बंद करण्याचा अधिकार मंडळाला असावाच. मात्र आधी ती सहा महिने वेळेवर, रेल्वेशी जुळवून आणि परतीच्या गाडीसह चालवून दाखवावी. त्यानंतरही भारमान आले नाही, तर खुटबावकरांनाही तक्रारीला जागा उरणार नाही.