कुंपणातले पाहुणे

दिवाळी सरते, नाशिकची पहाट बोचरी होऊ लागते आणि पक्षिप्रेमी कुटुंबे निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरची वाट धरतात. राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरलेला हा जलाशय पाहण्याजोगा आहे, यात शंका नाही. मात्र काही हिवाळी पाहुणे थेट घराच्या कुंपणाशी उतरतात आणि बहुधा कोणाच्या ध्यानीही येत नाहीत.

थिरथिरा हा त्यांपैकी एक. आकाराने चिमणीएवढा, नर वरून काळा, पोटाशी तांबूस-नारिंगी. भिंतीवर बसला की शेपटी सारखी थरथरवतो, त्यावरूनच त्याचे नाव पडले. शुभ्रकंठी वटवट्या त्याहून लहान. मेंदी-कोरांटीच्या दाटीत तो ‘टक् टक्’ करीत फिरतो, दिसतो मात्र क्वचितच. हिमालयापलीकडून आलेले हे जीव मार्च-एप्रिलपर्यंत मुक्कामास असतात.

विशेष म्हणजे अनेक पाखरे दरवर्षी तीच जागा गाठतात. डॉ. सलीम अली यांनी मुंबईतील एका हिरवळीवर पायात कडे घातलेला करडा धोबी पुढील काही हिवाळे त्याच हिरवळीवर परतला होता. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरील जुना बंगला पाडून मेंदीच्या कुंपणाजागी सिमेंटची भिंत उभी राहते, तेव्हा अशा एखाद्या प्रवाशाचे बिऱ्हाडच हरवते.

पाखरांना मूठभर दाणे घालण्याची रीत व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामागील करुणा थोरच. परंतु चबुतऱ्यावरचे धान्य बहुतांशी पारव्यांना मिळते. थिरथिरा, वटवट्या दाण्यांवर जगत नाहीत. त्यांना हवा असतो पाचोळा आणि दाट झुडपांचा आडोसा.

तेव्हा या ऋतूत जीवदयेने थोडे निराळे रूप घ्यावे. कुंपणाची छाटणी मार्चपर्यंत थांबवावी, पाचोळा जाळू नये, झाडांवर विषारी औषध फवारू नये, उथळ परळात रोज ताजे पाणी ठेवावे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही तो विकत घेतला जातो आणि संक्रांतीनंतर फांद्यांत लोंबकळत राहतो. तो आणू नये, दिसला तर उतरवावा.

पुढील ऑक्टोबरात त्याच भिंतीवर शेपटी थरथरताना दिसली, तर कुंपण राखल्याची पावती मिळाली, असे समजावे.