बर्फ नंतर, आधी साल्हेर

हल्ली कट्ट्यावर एकच चर्चा: शनिवार-रविवार गाठून एखादं हिमशिखर मारून यायचं! ४५ डिग्रीत भाजून निघणाऱ्या आपल्या जळगाव-धुळ्याला बर्फाचं वेड लागणारच. त्यातून मी कॉन्व्हेंटची. पहिलीच्या पुस्तकात स्नोमॅन होता, साल्हेर नव्हता!

पण एम-थ्रीपेक्षा सोपं गणित करू. जळगावहून मनाली गाठण्यातच वीकेंड संपतो. पुढे ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरच वाढवायची असते, कारण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. घाई केली तर आधी डोकं दुखतं, उलट्या होतात. मग फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून जिवावर बेततं. जिममधले दंड तिथे कामाला येत नाहीत. शिवाय हिमनदीवरच्या भेगा ताज्या बर्फाखाली लपलेल्या असतात. म्हणून सगळ्यांनी एका दोराला बांधून चालायचं, आणि ते आधी शिकावं लागतं.

२०१९ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे १० जण ८५८६ मीटरच्या कांचनजुंगावर पोहोचले. ही संस्थासुद्धा सह्याद्रीतच वाढली.

आपल्याला तर सह्याद्री जवळ आहे. धुळ्याहून पिंपळनेर, ताहाराबाद आणि पुढे साल्हेर: १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, १६७२ च्या लढाईचा. दोन दिवसांत आरामात होतो. दमलेल्यासाठी कोण थांबतं, आपल्या बाटलीतलं पाणी कोण देतं, माथा समोर दिसत असताना 'परत फिरू' कोण म्हणू शकतं, हे तिथे कळतं. बर्फात दोराच्या दुसऱ्या टोकाला तोच मित्र हवा.

मग बोला, परीक्षेनंतरच्या पहिल्या शनिवारी कोण कोण येतंय? पाणी मात्र प्रत्येकी तीन लिटर!