पेटीसाठी कर्ज

१९९० च्या आसपासची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. कळमनुरी तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो. एक गायक कर्ज मागायला आले. ‘कशासाठी?’ ‘पेटीसाठी, साहेब.’ त्यांच्या गायन पार्टीची हार्मोनियम निकामी झाली होती. आमच्या छापील अर्जात म्हैस होती, शेळ्या होत्या, शिलाई मशीन होते, हार्मोनियम नव्हती. ‘शेळ्या लिहा,’ मी सुचवले. ते म्हणाले, ‘रोज पंचशील म्हणतो साहेब, अन् खोटं कसं लिहू?’ आणि उठून गेले.

बौद्ध धम्मात गाण्याबजावण्याला जागा आहे काय, असे पुष्कळजण विचारतात. नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचा नियम भिक्खूंना आहे. गृहस्थाच्या पंचशीलात तो नाही. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात तर वादक स्त्रियांच्या मेळ्यात नर्तकी कोरलेली आहे. मात्र आपल्या खेड्यांतली परंपरा लेण्यांतून आलेली नाही. ती १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांतून उभी राहिली आणि वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) ती गावोगाव नेली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर लोकांनी जुने देव सोडले, गावकीची कामे सोडली. कान मात्र सोडला नाही. भजनाच्या, ओवीच्या, कव्वालीच्या चालींत बुद्ध आले, बाबासाहेब आले, संविधान आले.

२०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्यात शंभरांत सुमारे पंधरा माणसे बौद्ध आहेत. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांची शाळा म्हणजे ही गायन पार्टी.

आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजे वाजतो. सगळ्याच मिरवणुकांचे असे झाले आहे. एकट्या १४ एप्रिलला बोल लावणे अन्यायाचे होईल. पण इथले नुकसान वेगळे आहे. भीमगीत हे ऐकून समजून घ्यायचे गाणे. डीजेवर गाणे तेच असते, शब्द मात्र ठोक्याखाली दबतात.

राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन देते. त्यासाठी कलेचा पुरावा जोडावा लागतो. चाळीस वर्षे विहाराच्या ओट्यावर गायलेल्या माणसाचा पुरावा गावाच्या स्मरणात असतो, कागदावर नसतो. अर्ज बदलला, रकाना रिकामाच राहिला.

वर्षावासात विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्यातली एक संध्याकाळ गावातल्या वृद्ध गायकाला द्यावी. मोबाइल घरोघरी आहे. गाणी ध्वनिमुद्रित करावीत, वहीतली उतरवून घ्यावीत, खाली गाव आणि तारीख लिहावी. उद्या तोच पुरावा होईल, अर्जासाठी आणि इतिहासासाठीही.

माझ्याकडे आलेल्या त्या गायकांचे एकही गाणे मला आठवत नाही. मी ते ऐकलेच नव्हते. मी फक्त तारण विचारले होते.