घरातले विमान : खेळ की अभ्यास?

घाटकोपर, असल्फा, साकीनाका, जरीमरी या भागांत राहणाऱ्या माणसाला विमानाचे अप्रूप उरलेले नसते. थोड्या थोड्या वेळाने एक विमान डोक्यावरून जाते. बोलणारा वाक्य मध्येच थांबवतो आणि आवाज ओसरला की उरलेले पुरे करतो. त्या अजस्र वस्तूशी आपला संबंध एवढाच. ती इतक्या खालून का जाते, आज याच बाजूने का आली, आत बसलेली दोन माणसे या क्षणी काय करीत असतील, हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. विमान ही पैसेवाल्यांची, सायन्सवाल्यांची, थोडक्यात दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट आहे, अशी आपली पक्की समजूत असते. ही समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे. ती तपासण्याचे एक साधन आज घरातल्या टेबलावर येऊन बसले आहे. आणि गंमत अशी, की वडीलधारी मंडळी त्याला ‘गेम’ म्हणून हिणवतात.

हे साधन म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर 1982 साली प्रथम बाजारात आला. ‘एक्स-प्लेन’ त्यानंतरच्या दशकातला. त्यांच्यासोबत मिळणारी विमाने बहुधा सोपी असतात. कळ दाबली, इंजिन सुरू झाले, निघाले. पण याच्या पुढे एक पायरी आहे. काही मंडळी एकच प्रवासी विमान निवडतात आणि त्याची वीज, इंधन, हवा, हायड्रॉलिक दाब, दिशादर्शक संगणक अशी एकेक यंत्रणा खऱ्याबरहुकूम उभी करतात. मूळ सिम्युलेटरला जोडायच्या या विमानांना ‘ॲड-ऑन’ म्हणतात. पीएमडीजीचे बोईंग 737 आणि फेनिक्सचे एअरबस ए-320 ही त्यांतली नावाजलेली. ती विकत घ्यावी लागतात. ‘फ्लायबायवायर’ या गटाने मात्र स्वयंसेवकांच्या श्रमातून ए-320 निओ तयार करून सर्वांना फुकट दिले आहे.

माझे म्हणणे असे, की अशा विमानाशी जो प्रामाणिकपणे झटतो, त्याच्या उद्योगाला खेळ म्हणणे चूक आहे आणि उड्डाण म्हणणेही चूक आहे. तो वाचन करीत असतो. ते कसे, हे थोडे सविस्तर सांगते.

असे विमान प्रथम उघडले की समोर नुसता काळोख असतो. एक दिवा नाही, एक काटा हलत नाही. आधी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज पाहायचे. ए-320 मध्ये ते 25.5 च्या वर हवे. मग बाहेरची वीज घ्यायची, किंवा शेपटीतले छोटे इंजिन, म्हणजे एपीयू, सुरू करायचे. आणि ते सुरू करण्यापूर्वी त्याची आगीची सूचना देणारी यंत्रणा तपासायची. डोक्यावरच्या फळीवरील तीन खटके फिरवले की विमान आपली दिशा शोधू लागते. त्या वेळात काही मिनिटे त्याला जागचे हलू द्यायचे नसते. का? तर ते स्वस्थ उभे राहून पृथ्वीचे फिरणे मोजत असते आणि त्यावरून उत्तर दिशा ठरवत असते! पुढे एपीयूची हवा मोठ्या इंजिनाकडे सोडायची, कारण मोठ्या इंजिनाचे चक्र प्रथम या हवेच्या जोरावरच फिरू लागते. रिवाजाने आधी उजवे इंजिन सुरू करतात. कारण उभ्या विमानाचा ब्रेक ज्या हायड्रॉलिक यंत्रणेवर अवलंबून असतो, तिला दाब त्या इंजिनाकडून मिळतो.

यातली एखादी पायरी राहून गेली तर विमान रागावत नाही की मार्क कापत नाही. ते नुसते गप्प बसते. ते का गप्प बसले, हे मागे मागे जाऊन आपणच शोधायचे. वीज नव्हती म्हणून पंप नव्हता, की हवा नव्हती म्हणून चक्र फिरले नाही? आपल्या शिक्षणात ‘कारणे द्या’ हा प्रश्न पाचवीपासून असतो, पण ती कारणे आपण गाईडमधून पाठ करतो. इथे पाठ केलेले कारण कामाला येत नाही.

विमान सुरू झाले म्हणजे सारे झाले, असेही नाही. टेबलावरची थ्रॉटलची दांडी प्रत्येक खाचेशी जुळवून घ्यावी लागते. ती नीट जुळली नाही तर उड्डाणासाठी दांडी पुढे नेऊनही हवी तेवढी शक्ती मिळत नाही. हवाई मार्गांची माहिती जगभर दर 28 दिवसांनी नवी होते, तीही भरावी लागते. इंधनाचा हिशेब तर घरखर्चासारखा असतो. वाटेत लागणारे वेगळे, वारा उलटा निघाला तर वेगळे, मुक्कामाचा विमानतळ बंद झाला तर दुसरीकडे जाण्याचे वेगळे, आणि या सर्वांवर अर्धा तास पुरेल एवढी शेवटची शिल्लक. तिला हात लावायची वेळ आली, तर ती आणीबाणी समजतात.

हे सगळे खोटेच ना, असे कुणी म्हणेल. खोटे आहे खरे. परंतु खोट्या विमानाने खऱ्या वैमानिकांचे प्राण वाचवले आहेत. अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन बनविणाऱ्याचा मुलगा. त्याने 1929 साली ऑर्गनचेच भाते आणि पंप वापरून जागच्या जागी डुलणारे एक लहानसे विमान बनवले. आपल्या बाजाच्या पेटीचा भाता डोळ्यांसमोर आणला म्हणजे त्याची कल्पना येईल. प्रारंभी लोकांनी त्याला जत्रेतला पाळणा समजूनच वापरले. मग 1934 साली हवाई टपाल नेताना वाईट हवेत अमेरिकी लष्कराचे वैमानिक लागोपाठ मृत्युमुखी पडले, तेव्हा लष्कराचे डोळे उघडले आणि त्याने लिंकची यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांच्यावर शिकले. आजही विमान कंपनीतला वैमानिक नवे विमान शिकतो, तो प्रथम जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्येच.

आता कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा याच्याशी काय संबंध? माझ्या मते फार जवळचा आहे. कविता शिकताना आपण विचारतो, की हा शब्द इथेच का आला, तो काढला तर काय बिघडेल? विमानाच्या फळीवरच्या खटक्यालाही हेच विचारायचे असते. शिवाय या विमानांची माहितीपुस्तके शेकडो पानांची आणि इंग्रजीत असतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजीची भीती कशी असते हे माझ्यासारख्यांना सांगावे लागत नाही. पण ही इंग्रजी निराळी आहे. तिच्यात अलंकार नाहीत, चढाओढ नाही. एका वाक्याचा एकच अर्थ निघावा म्हणून ती मुद्दाम रुक्ष ठेवलेली असते. ‘व्हॅटसिम’ नावाचे एक जाळे 2001 पासून आहे. त्यावर स्वयंसेवक नियंत्रक होऊन बसतात आणि घराघरांतल्या वैमानिकांना सूचना देतात. मिळालेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, असा खऱ्या जगातला दंडक तिथेही पाळतात. तिथे तुमचा उच्चार साहेबी आहे का, हे कुणी पाहत नाही. आकडा बरोबर म्हटलात का, हे पाहतात. वर्गात तोंड न उघडणाऱ्या कितीतरी मुलामुलींना ही शिस्त धीर देईल.

या वाचनाचा पहिला लाभ असा, की डोक्यावरचे विमान कळू लागते. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते. आपल्याकडे बहुतेक दिवस वारा पश्चिमेचा. म्हणून विमाने पूर्वेकडून, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरतात. 27 म्हणजे 270 अंश, अर्थात पश्चिम. वारा फिरला की तीच धावपट्टी उलट बाजूने वापरतात आणि तिचे नाव होते 09. उतरणीचा कोन साधारण 3 अंशांचा, म्हणजे किलोमीटरला सुमारे 52 मीटर. यावरून धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर विमान किती उंच असेल हे शाळकरी पोरही सांगेल. ते दीडशे ते पावणेदोनशे मीटर भरते. आणि 36 हजार फुटांवरून येणाऱ्या विमानाला एवढ्या उतारासाठी 200 किलोमीटर लागतात, म्हणजे नागपूरहून येणारे विमान नाशिकच्याही पलीकडे असतानाच खाली येऊ लागते. जो आवाज आजवर केवळ त्रास होता, त्याला असा अर्थ येतो. त्रास कमी होत नाही. पण आपण अडाणी राहत नाही.

यातून वैमानिक होता येते का? नाही. घरच्या विमानावरचे हजार तास परवान्याच्या वहीत शून्य धरले जातात. खऱ्या प्रशिक्षणाचा खर्च अनेक लाखांत जातो. शिवाय व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, असा नियम आपल्या देशात कित्येक वर्षे राहिला. तो शिथिल करण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या 2025 साली आल्या. म्हणजे दहावीनंतर पंधराव्या वर्षी शाखा निवडताना मुलगा किंवा मुलगी आकाशाचाही निकाल लावून बसते, आणि तेव्हा हे कुणी सांगत नाही. हा अन्याय घरच्या सिम्युलेटरने दूर होणार नाही. परंतु परवाना नाही म्हणून समजून घेण्याचाही हक्क नाही, हे कुठल्या नियमात लिहिले आहे? नोकरी मिळत नाही म्हणून आपण ज्ञानेश्वरी वाचायचे सोडतो का? विमानाची विद्या उपनगरांना परकी तर मुळीच नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूला. आणि कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर खरेखुरे विमान बांधले. त्याची सरकारदरबारी नोंदणी 2017 साली झाली.

मात्र या छंदात एक मोठा धोका आहे, आणि तो डोळे बिघडण्याचा नव्हे. उथळ पाण्याला खळखळाट फार. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले आणि विमानातली 241 व जमिनीवरची 19 अशी 260 माणसे गेली. चौकशी पुरी होण्याआधीच खुर्चीत बसलेले पंडित निकाल देऊ लागले. कुणी सिम्युलेटरवर तो प्रसंग उभा करून मेलेल्या माणसांची चूक दाखवू लागला. ही अभ्यासाची विटंबना आहे. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. 1 जानेवारी 1978 रोजी ‘सम्राट अशोक’ हे बोईंग 747 वांद्र्यासमोर समुद्रात पडले आणि 213 जण गेले. विमान कुठे कलले आहे ते दाखवणारे कप्तानापुढचे उपकरण बिघडले होते, बाहेर रात्र होती. बाकीची उपकरणे खरे सांगत असूनही विमान सावरले गेले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ही माणसे अनुभवी होती. घरच्या विमानात तो प्रसंग थांबवून, चहा पिऊन, पुन्हा सुरू करता येतो. त्यांच्यापाशी थांबवण्याची कळ नव्हती. ज्याने एक इंजिन सुरू करायला आठवडा घालवला आहे, त्याला हे काम किती अवघड आहे याचा धाक वाटला पाहिजे. तो वाटत नसेल, तर त्याने केला तो खेळच.

राहता राहिला खर्च. विमान फुकट मिळाले तरी ते चालवणारा ताकदवान संगणक फुकट मिळत नाही; तो अनेक घरांना परवडणारा नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. महाविद्यालये जिमखान्यावर, स्नेहसंमेलनावर खर्च करतात, तो जरूर करावा. त्यासोबत ग्रंथालयात एक चांगला संगणक, एक साधी जॉयस्टिक आणि ते फुकटचे ए-320 का ठेवू नये? पुस्तकासारखीच त्याची पाळी लावावी. माहितीपुस्तकाची पाने छापून शेजारी ठेवावीत. भूगोलाच्या विद्यार्थ्याने वारा आणि नकाशा समजावून द्यावा, इंग्रजीच्या विद्यार्थ्याने पाने उलगडून सांगावीत, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने घाईत माणूस का चुकतो ते पाहावे. कुणी त्यातून वैमानिक होईल, कुणी विमानतळावर नोकरीला लागेल, बहुतेक जण यातले काहीच होणार नाहीत. पण एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राची एकेक गाठ आपण स्वतः सोडवली, हा विश्वास त्यांच्यापाशी राहील. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नव्हते, त्यांना या विश्वासाची किंमत अधिक कळते.