बांधावरचा पाला आणि तेलाचे गणित



गेल्या हंगामात लागणीच्या नोंदी घेत आम्ही शिवारातून फिरत होतो. एका सभासदाने चहा झाल्यावर खिशातून रंगीत पत्रक काढून पुढे ठेवले. बांधावर निलगिरी लावा, तिच्या पाल्याच्या तेलात अँटिऑक्सिडंट भरपूर, मधुमेहापासून म्हातारपणापर्यंत सगळ्यावर गुण, पाला आम्हीच विकत घेऊ, रोपांचे पैसे मात्र आगाऊ, असा मजकूर होता. "साहेब, लावू का?" असे त्यांनी विचारले. आम्ही "बघून सांगतो" म्हणालो. एकट्याला सांगण्यापेक्षा सर्वांनाच सांगावे म्हणून हे चार शब्द.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, ते रसवंतीवर बघा. उसाचा रस काढून ठेवला की थोड्या वेळात काळपट पडतो. हवेतला ऑक्सिजन रसातल्या काही घटकांना लागतो, त्याचा हा परिणाम. चरकात लिंबू घालतात ते चवीसाठी खरेच, पण लिंबाचा आंबटपणा आणि 'क' जीवनसत्त्व यांनी हे काळे पडणेही लांबते. शेंगतेल उघडे राहिले की खवट होते, तेही ऑक्सिजनचेच काम. हा मार स्वतःच्या अंगावर घेऊन जो मूळ पदार्थाला वाचवतो, तो अँटिऑक्सिडंट.

आपल्या आया-आज्यांना हे नाव ठाऊक नव्हते, पण लोणी कढवताना त्या विड्याचे पान टाकीत. दक्षिणेत कढीपत्ता किंवा शेवग्याचा पाला टाकतात. तूप जास्त दिवस टिकते हा त्यांचा अनुभव. कढीपत्ता आणि विड्याचे पान यांच्याबाबत तो प्रयोगशाळेतही खरा ठरला आहे. तेव्हा पानात गुण असतो याबद्दल आमचा वाद नाही.

वाद आहे तो सगळ्या झाडांचा पाला एकाच तराजूत तोलण्याला. लवंगेच्या आणि दालचिनीच्या पानांच्या तेलात मुख्य भाग युजेनॉलचा असतो आणि युजेनॉल हा जोरकस अँटिऑक्सिडंट आहे. निलगिरीच्या तेलात मुख्य भाग सिनिओलचा. सर्दीत वास घेतल्यावर नाक मोकळे वाटते ते त्यानेच. पण अँटिऑक्सिडंट म्हणून सिनिओल अगदी दुबळा. शिवाय तेल काढतात वाफेवर. वाफेबरोबर जे उडते तेवढेच तेलात येते. पानातले कितीतरी गुणकारी घटक चोथ्यातच राहतात. कढीपत्त्याचेही बरेचसे बळ तेलात नाही, पानात आहे.

आता 'प्रयोगशाळेत सिद्ध' या शब्दांविषयी. यासाठी एक चाचणी नेहमी वापरतात, ती ब्लॉइस या शास्त्रज्ञाने १९५८ साली मांडली. जांभळ्या द्रावणात तेल घालायचे. द्रावण पिवळे पडले की तेलात गुण आहे म्हणायचे. चाचणी चांगली आहे. पण काचेच्या नळीतला रंग उडाला म्हणून माणसाचा मधुमेह उडत नाही. उलट निलगिरीचे तेल पोटात गेले तर विष आहे. लहान मुलाला थोड्याशा तेलानेही झटके येऊ शकतात. घरात बाटली असेल तर ती उंचावर ठेवा.

राहिला बांध. औषधी तेलाची खरी निलगिरी ही उटीकडच्या थंड डोंगराची जात. तिच्या शंभर किलो पाल्यातून तेल निघते एक-दीड किलो. आपल्याकडे १९८२ नंतर सामाजिक वनीकरणाच्या काळात जी निलगिरी पसरली, ती बहुतेक लाकडाची आणि तेलाला कमी. दालचिनीचे म्हणाल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात आहे, पण ती कोकणच्या दमट हवेत, नारळाच्या सावलीत सुखाने राहते. आपल्या काळ्या रानात आणि उन्हाळी वाऱ्यात नव्हे.

आणि बांधावरची निलगिरी फुकट वाढत नाही. तिच्या मुळ्या उसाचेच पाणी पितात, सावली उसावरच पडते. कडेच्या सऱ्यांत ऊस बारीक राहिला की सभासद आम्हालाच बोलावतात, "बेणं खराब होतं का?" म्हणून विचारतात. बेणे बिचारे निर्दोष असते. हे लिहिताना आमचीही चूक कबूल केली पाहिजे. वारा अडेल म्हणून काही सभासदांना बांधावर निलगिरी लावायला पूर्वी आम्हीच सांगितले होते. त्यांच्या कडेच्या सऱ्या बघून आज आम्ही तो सल्ला मागे घेत आहोत.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. अँटिऑक्सिडंटच्या नावावर बांध देऊ नका आणि त्यासाठी सोसायटीचे कर्ज तर मुळीच काढू नका. कोणी रोपे घेऊन आलाच तर चार गोष्टी विचारा. झाडाची नेमकी जात कोणती? तेल काढायची भट्टी कुठे आहे, ती आम्हाला दाखवाल का? पाला कोणत्या भावाने घेणार, ते लेखी देता का? रोपांचे पैसे पहिल्या पाल्याच्या बिलातून कापून घ्याल का? चौथ्या प्रश्नाला बहुतेक पाव्हणे चहा न घेताच उठतील.

झाड लावायचेच असेल तर परसात, न्हाणीच्या पाण्यावर एक कढीपत्ता आणि एक शेवगा लावा. फोडणीला पान मिळेल, कालवणाला शेंग मिळेल, तूपही टिकेल. त्याला ना पत्रक लागते, ना आगाऊ रक्कम.

— ऊस विकास अधिकारी