बाहीवरचा बॅज आणि बांबूची झोळी

थंडी पडली की आमच्या शहाद्यात आयांची एक वेगळीच धावपळ सुरू होते. स्काऊट-गाईडची वही पूर्ण करायची असते ना! मग फोन येतात. ‘वहिनी, तुमच्या मंडळाची गाडी तोरणमाळला जातेय म्हणे. आमच्या पिंकीलाही न्या. चार स्वेटर, दोन साड्या देते सोबत. एक फोटो काढा आणि सेवाकार्याच्या पानावर तेवढी सही द्या.’ त्या आयांना तरी काय म्हणावं? वरच्या पुरस्काराला दहावीत सवलतीचे गुण मिळतात, आणि गुणांचा विचार कुठली आई करत नाही? पिंकीला मी आनंदानं नेते. सही मात्र देत नाही. मला खडूस म्हणतात, म्हणू देत.

कारण सांगते. शहाद्यापासून साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर तोरणमाळ. घाट चढून वर जायचं, यशवंत तलाव बघायचा, सीताखाईपाशी उभं राहायचं, पाड्यावरच्या पोरांच्या हातात स्वेटर ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायचं. ही सहल झाली. सहलीला माझी ना नाही, पण तिला सेवा म्हणायचं आणि त्यावर बॅज लावायचा, हे पटत नाही. त्यातही ज्यांना आपण ‘बिचारी’ म्हणून कपडे देऊन येतो, त्या पावरा-भिल्ल मुलींना त्या बॅजमधलं निम्मं काम आपल्या मुलींपेक्षा जास्त चांगलं येतं.

आता स्ट्रेचरचंच घ्या. प्रथमोपचाराच्या तासाला दोन काठ्या आणि एक चादर घेऊन स्ट्रेचर कसं करायचं ते शिकवतात. आमच्याकडची मुलं मैदानात एकमेकांना त्यात झोपवतात आणि खिदळतात. वर सातपुड्यात पावसाळ्यात काही पाड्यांपर्यंत आजही गाडी पोचत नाही. तिथे बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला खाली आणतात. आडवी गाठ कुठे मारायची, चढावर पुढच्यानं खांदा कसा बदलायचा, हे तिथल्या पोरींनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. फक्त त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

स्काऊटिंगच्या जुन्या याद्यांमध्ये ‘दुभाषी’ नावाचाही एक बॅज आहे. गेल्या वर्षी एका तपासणी शिबिरात मला तो आठवला. डॉक्टर मराठी बोलणारे, समोरच्या आजीला पावरीशिवाय काही येत नाही. आश्रमशाळेतली सातवी-आठवीतली एक मुलगी मध्ये उभी राहिली. गोळी जेवणाआधी की नंतर, अर्धी की पूर्ण, तिनं आजीकडून तीनदा वदवून घेतलं. मी शाबासकी दिली तर म्हणाली, ‘ताई, हे तर आम्ही रोजच करतो.’

रोजच करतात, आणि इथेच मला काळजीही वाटते. त्याच शिबिरात पुढची बाई अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आली. तेरा वर्षांच्या पोरीपुढे ती बोलेना आणि पोरगी मान खाली घालून उभी. तिथे आशाताईच हवी. म्हणून बॅज म्हणजे नुसतं कौतुक नको, त्यामागे शिक्षण हवं. काय विचारायचं, कुठे थांबून मोठ्या बाईला बोलवायचं, ऐकलेलं बाहेर कुणाला सांगायचं नाही, हे सगळं त्या मुलीला कुणीतरी बसून शिकवायला नको का?

या चळवळीचा इतिहास काढून पाहिला तर एक गंमत दिसते. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं ते फक्त मुलग्यांसाठी. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुली न बोलावता हजर झाल्या. ‘आम्हालाही घ्या’ म्हणाल्या, आणि 1910 मध्ये गर्ल गाईड्स सुरू झालं. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात सुरुवातीला ही पथकं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. तेव्हा अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी अशा मंडळींनी भारतीय मुलांची वेगळी पथकं उभी केली. 7 नोव्हेंबर 1950 ला ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ झालं आणि 1951 मध्ये गाईड्सही त्यात आल्या. 1966 पासून तर पुण्यात ‘संगम’ हे गाईड्सचं जागतिक केंद्रच आहे, देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. ज्याला दाराबाहेर ठेवलं तो दार वाजवत राहिला, तसतसं हे घर मोठं झालं. मग तोरणमाळची मुलगी पुण्याच्या त्या अंगणात गणवेशात का दिसू नये?

आणि सेवा काय असते हे आमच्या मातीला कुणी शिकवायला नको. 1972 नंतर याच शहादा भागात श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायकांनी दारूचे गुत्ते बंद पाडायला गावोगाव मोर्चे काढले होते. त्यांना कुणी बॅज दिला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच, की आश्रमशाळांमध्ये गाईडची पथकं निघावीत, एखाद्या बाईंना नीट प्रशिक्षण मिळावं, आणि मुलींच्या वहीत त्यांच्या पाड्यावरचं काम लिहिलं जावं. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरक्षनाथाची मोठी यात्रा भरते. पाणी देणं, चुकलेली मुलं सांभाळणं, दुसऱ्या दिवशी तलावाकाठचं प्लॅस्टिक उचलणं, कामाला काय तोटा? मात्र वसतिगृहाचं अंगण झाडणं आणि धान्याची पोती उचलणं ‘सेवा’ म्हणून त्या वहीत घुसडू नये. त्याला फुकट राबवणं म्हणतात. आणि शहाद्याच्या पिंकीनं तोरणमाळ कशाला गाठायचं? दर रविवारी सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहून द्यायला बसावं. सलग तीन महिने बसली, तर सही मी स्वतः घरी जाऊन देईन.

मागे एका मुख्याध्यापिकांशी बोलले. त्या हसून म्हणाल्या, ‘ताई, कल्पना छान आहे हो, पण गणवेशाचं काय? पालक ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेले असतात.’ प्रश्न खरा आहे. आमच्या भिशीच्या बायकांनी पहिल्या चोवीस मुलींच्या स्कार्फचं कापड द्यायचं कबूल केलंय. शाळेत दोन शिलाई मशीनं धूळ खात पडली आहेत, ती दुरुस्त करून घेतोय. स्कार्फ मुली स्वतःच शिवतील. शिवणकामाचाही बॅज असतोच की!